हिरव्या सपातांचा शेवटचा दिवस

टाचेचा तो आवाज माकनं ऐकला आणि तिला वाटलं, बसल्या बसल्या आपला डोळा लागला.

टक. मग जरा थांबून, टक. लाकूड फरशीवर सरळ टेकल्याचा आवाज. घासणं नाही, डगमग नाही. या घरात असा आवाज नऊ वर्षांत झाला नव्हता. घरातल्या बायकांच्या सपाता फट-टक, फट-टक करत चालायच्या. नऊ वर्षांपूर्वी माकच्या नवऱ्यानं, तेक ग्वाननं, कोपऱ्यावरच्या यिप सेंग मोच्याकडं जायला सगळ्यांना बंदी घातली होती. तेव्हापासून मणीकामाचे पट्टे तळ लावायला पुलापलीकडच्या एका म्हाताऱ्याकडं जात, आणि त्या म्हाताऱ्याला जन्मात कधी टाच सरळ ठोकता आली नाही.

माकच्या मांडीवर सूप होतं. सुपात तोंडाला लावायच्या थंड पिठीचे वाळलेले थेंब होते, मोत्यांसारखे, बोटं लावली की अंगभर गार वाटावं असे. चाळीस दिवस तिनं तांदूळ भिजत घातले होते. रोज पहाटे उठून स्वतःच्या हातानं पाणी बदललं होतं. दहाव्या दिवशी रांजणाला असा वास सुटला की बोंग निओ, तिची सून, नाकाला पदर लावून फिरायची. विसाव्या दिवशी वास कमी झाला. तिसाव्याला पाणी निवळ आलं. मग दळण, मग कापडातून गाळणं, मग केळीच्या पानाच्या पुडीतून एकेक थेंब सुपावर सोडणं. वरून मोगरा.

थेंब सोडायला पूर्वी थोरली मुलगी, स्वी किम, बसायची. सात-आठ वर्षांची. "हा थेंब माकचा. हा बाबांचा. हा मांजरीचा." तेक ग्वान पेपरातून डोकं वर काढून म्हणायचा, "माझा जरा मोठा सोड गं, माझं तोंड मोठं आहे." चौकात वरून ऊन उतरायचं, समुद्राचा खारा वारा मागच्या दारानं यायचा, आणि ते सगळे थेंब एकदम चमकायचे. माकला कधी कधी वाटे, ते दिवस गेलेच नाहीत. कुठल्यातरी सुपावर अजून वाळत पडलेत.

टक. टक.

"माक," तिची धाकटी मुलगी गेक लियान जाळीच्या दारापाशी येऊन उभी राहिली. तिचा आवाज कोरडा होता. "ती आलीय."

"कोण ती?"

"किती जणी आहेत या घरात 'ती' म्हणायला?"

सूप मांडीवरून घसरायला लागलं. शेजारी पान कुटत बसलेल्या कोहनं ते एका हातानं सावरलं. कोह म्हणजे तेक ग्वानची थोरली बहीण. पंच्याहत्तरीची. रीतीभातीचा काही घोळ झाला की गल्लीतली सगळी घरं हिच्याकडं यायची.

"येऊ दे आत," कोह म्हणाली. "फुटपाथवर उभं राहून कुणी दुखवटा उतरवत नाही."

"कोह, तुम्हीसुद्धा!" बोंग निओ स्वयंपाकघरातून धावत आली. तिच्या हाताला तांबड्या कुएचं, गोड वड्यांचं पीठ लागलेलं होतं. फट-टक, फट-टक. "आजच्या दिवशी? बाहेर माणसं बसलीत. ह्यांना कळलं तर?"

"कळेलच. बहिरा आहे का तो?"

माकनं सूप पुन्हा मांडीवर ओढून घेतलं. नऊ वर्षं ती काही बोलली नव्हती. तेक ग्वाननं एका संध्याकाळी सगळ्यांना देव्हाऱ्यापुढं उभं करून सांगितलं होतं, की स्वी किमचं लग्नबिग्न काही झालेलं नाही. मोच्याबरोबर पळून जाण्याला लग्न म्हणत नाहीत. या घराच्या देवापुढं लग्नाचा चहा दिला जात नाही, तोवर ते लग्न नाही. आणि तिचं नाव कुणी काढायचं नाही. माकनं नाव काढलं नव्हतं. फक्त पहाटे पाणी बदलताना कधीतरी रांजणात तोंड घालून हळूच उच्चारलं होतं. रांजण ते ठेवून घ्यायचा.

आज तेक ग्वानचा दुखवटा संपायचा होता. पहिलं वर्ष काळं, दुसरं निळं-पांढरं, तिसरं हिरवं. तीन वर्षांत घरातल्या बायकांच्या अंगावर सोनं नव्हतं, तोंडाला पिठी नव्हती. ओहोटी लागली की देव्हाऱ्यापुढं टोपली ठेवायची, त्यात सगळ्यांनी आपापल्या हिरव्या सपाता उतरवायच्या, माकनं एकेकीच्या तोंडाला पिठी लावायची, आणि मग तांबड्या सपाता घालून बायका पुन्हा माणसांत यायच्या. टोपली मागच्या पायऱ्यांवरून पाण्यात जायची. ज्यांच्या सपाता टोपलीत, ती तेक ग्वानची माणसं. ओहोटीनं टोपली नेली की ती मोजणी संपली. मग नंतर कुणी काही म्हणो.

आणि हे माकला चाळीस दिवस रोज पहाटे आठवत होतं.

स्वी किम चौकाच्या कडेला येऊन थांबली. आत पाऊल टाकलं नाही. वीस वर्षांची गेली होती, आता एकोणतीस. केस तसेच मागं घट्ट बांधलेले, पण गालांवर उन्हानं तपकिरी डाग पडले होते. बोटांची टोकं खळीनं आणि कातड्याच्या रंगानं काळी झाली होती. एका हातात फडक्याचं गाठोडं होतं.

तिनं माककडं पाहिलं. नऊ वर्षं मनात काय काय जुळवलं असेल, पण तोंडातून आलं ते एवढंच:

"माक, जेवलीस?"

"सकाळचे आठ वाजलेत," कोह म्हणाली. "काय जेवेल ती? बस."

माकची नजर मुलीच्या पायांवर होती. हिरव्या सपाता. बारीक पोतीच्या मण्यांचं काम, पानं आणि एक पाखरू, पाखराच्या डोळ्याला एकच काळा मणी. दुखवट्याचं तिसरं वर्ष. आणि टाच! अंगठ्याएवढी जाड, खाली किंचित निमुळती, पावलाच्या बरोबर मधोमध बसलेली. बोंग निओसुद्धा तिकडंच बघत होती. स्वतःच्या नकळत तिनं आपला उजवा पाय डाव्या पायामागं लपवला.

"एन्सो," स्वी किम म्हणाली. थोरल्या भावाची बायको म्हणून लहानपणी तिला असंच म्हणायची. "बरी आहेस?"

"मी बरी आहे. तुझं सांग," बोंग निओ म्हणाली. "हे हिरवं कशासाठी? लग्न होऊन गेलेल्या मुलीला एकच वर्ष असतं. वर्ष झालं की उतरवायचं. तीन वर्षं पायात घालून फिरलीस ती नवऱ्याच्या जिवावर उठलीस का? का काही दुसरंच आहे मनात? घरातल्या मुलीसारखं तीन वर्षं पाळलं, म्हणजे घरातल्या मुलीसारखा वाटाही मागता येतो."

"मला काही नको, एन्सो."

"मग तीन वर्षं का?"

स्वी किमनं गाठोडं सोडलं. त्यात सपातांचे दोन जोड होते. एक काळ्या कापडाचा, तळ झिजून कागदासारखा झालेला. दुसरा निळ्या-पांढऱ्या मण्यांचा, अंगठ्यापाशी मणी उडालेले, तिथं नुसते दोरे उरलेले. रोज घातल्याशिवाय अशा झिजत नाहीत. कुणाला दाखवायला बनवलेल्या तर मुळीच नाहीत.

"मी समोरच्या पडवीत उभी होते," ती म्हणाली. "बाबांना नेलं त्या दिवशी. तिथून मोजायला लागले. आणि मला कळेना, की किती मोजायचं. गेलेली मुलगी एक वर्ष पाळते. पण मी गेलेली कुठं होते? बाबांनी तर सांगितलं होतं, लग्न झालंच नाही." तिनं खाली बघितलं. "मग मी या घरची कुवार मुलगी झाले ना? कुवार मुलीला तीन वर्षं. म्हणून तीन वर्षं पाळलं."

कोहचा पान कुटणारा हात थांबला. मग कोह हसायला लागली. पानाचा लाल रस हनुवटीवर आला तरी हसत राहिली.

"अगं बाई! माझ्या भावाचाच शब्द, आणि त्याचीच पोर! तिच्या बापालाही उत्तर सुचलं नसतं."

"हसण्यासारखं काय आहे?" गेक लियान एकदम म्हणाली. ती जाळीच्या दारातून हलली नव्हती. "ताची, माझी थोरली बहीण तू, तू कुवार? आणि मग मी कोण? तू गेलीस तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. त्यानंतर मला बघायला किती जण आले, विचार. विचार ना! एक स्थळ आलं होतं, ते चहा घेताना म्हणालं, या घरातल्या मुली मोच्याकडं सपाता टाकायला स्वतः जातात का? मग उठून गेलं. तुझी तीन वर्षं. माझी नऊ."

स्वी किम तिच्याकडं बघत राहिली. "खरं आहे," ती म्हणाली. "तू रागाव."

"तुझी परवानगी नकोय मला."

"नको घेऊस. पण रागाव."

गेक लियान वळली आणि जिन्यावर निघून गेली. तिच्या पावलांचा आवाज वरच्या मजल्यावर घुमत राहिला. फट-टक, फट-टक, मग दार.

माकला वाटलं होतं, धाकटी थोरलीच्या गळ्यात पडेल आणि सून वाट अडवून उभी राहील. आता धाकटी दार लावून बसली होती, आणि सून निळ्या-पांढऱ्या सपातांचा जोड हातात घेऊन तळ उलटा करून बघत होती.

"हे तळ कुणी लावले?" बोंग निओनं विचारलं.

"यिप सेंगनं. दुसरं कोण?"

"तीन वर्षं रोज घातल्या, आणि टाच हलली नाही?"

"नाही."

बोंग निओनं अंगठ्यानं टाच दाबून पाहिली. मग जोड खाली ठेवला. पण जरा सावकाश.

"तोंडाला तीन वर्षं काही नाही लावलं?" कोहनं स्वी किमची हनुवटी धरून तिचं तोंड उजेडाकडं केलं. "थेंबसुद्धा नाही. हे डाग बघ. उन्हात बसून कातडी कापतेस ना? आणि कुणी कुणी घराच्या सावलीत राहून, दुसऱ्याच वर्षी..." तिनं बोंग निओकडं पाहिलं.

"काय दुसऱ्याच वर्षी?"

"कानामागं पांढरं राहायचं तुझ्या. नीट पुसत नव्हतीस."

बोंग निओ कानापर्यंत लाल झाली. "उन्हाळ्यात घामोळं आलं होतं मला! घामोळ्याला लावलेली पिठी म्हणजे नटणं नव्हे."

"मी कुठं म्हटलं नटणं? मी घामोळंच म्हणतेय."

त्याच वेळी बाहेरच्या दालनाचा पडदा सरकला. हॉक सियाँग, माकचा एकुलता मुलगा, आत आला. पांढरा कडक कोट, बाहीवर दुखवट्याचा हिरवा तुकडा. त्यानं बहिणीला पाहिलं. बघताच त्याचं तोंड बापासारखं झालं. माकला भास झाला, की तेक ग्वानच पडद्यातून आला आणि आता सगळ्यांना देव्हाऱ्यापुढं उभं करणार.

"माक, हिला कुणी आत घेतलं?"

"पायानं आली," कोह म्हणाली.

"कोह, मी माकला विचारतोय. बाहेर पाहुणे आहेत. तो समोरच्या पडवीत उभा आहे, पोरीला कडेवर घेऊन, सगळी गल्ली बघतेय. बाबांचा शब्द होता. आजच्या दिवशी तरी बाबांचा शब्द मोडू नका."

पोरीला कडेवर घेऊन. स्वी किमला पोर असल्याचं माकला माहीत नव्हतं. ते शब्द तिच्या मनात पडले आणि लाटेसारखे मागं-पुढं होत राहिले. मागच्या दारातून समुद्र दिसत होता. पाणी पायऱ्यांवरून एक पायरी उतरलं होतं. ओहोटी लागली होती.

माक उठली. सूप तिनं खाली ठेवलं नाही, कमरेवर घेतलं.

"सियाँग, बाबांचा शब्द काय होता?"

"तुला माहीत आहे."

"तू सांग. तू घरचा मोठा आहेस."

"की हिचं लग्न झालं नाही. आपण ते मानत नाही."

"बरोबर. मीही तेच धरून चालले आहे. मग हिचं लग्न झालेलं नाही." माकनं सूप कमरेवर घट्ट धरलं. "लग्न झालेलं नाही, तर ही तुझ्या बापाची कुवार मुलगी. कुवार मुलीच्या सपाता बापाच्या टोपलीत जातात. त्यातल्या एकीच्या बाहेर ठेवल्या, तर बापाची मोजणी अपुरी पाठवली असं होईल. आणि नाही, लग्न झालंय असं म्हणायचं असेल, तर तेही म्हण. मग तो पडवीतला माणूस तुझा मेहुणा. त्याला उन्हात उभं ठेवून तू इथं माझ्याशी कशाला बोलतोयस?"

हॉक सियाँगनं कोटाची बाही ओढून सरळ केली. त्यानं बायकोकडं पाहिलं. बायको नेहमी त्याच्या बाजूनं बोलायची.

"अहो," बोंग निओ हाताचं पीठ पुसत म्हणाली, "पाणी उतरतंय. उगीच वेळ काढू नका. पाहुण्यांना चहा द्या."

तो टोपलीपाशी गेला. मग बाहीवरचा हिरवा तुकडा त्यानं स्वतःच्या हातानं उसवून काढला, टोपलीत टाकला आणि बाहेर गेला. ते हो होतं की नाही, हे माकला कळलं नाही. पण त्यानं टोपली उचलून नेली नव्हती.

माकनं स्वी किमसमोर बसून तिच्या पायांतल्या सपाता काढल्या. मुलगी "माक, नको, मी काढते" म्हणत राहिली. माकनं ऐकलं नाही. हिरवा जोड टोपलीत गेला, त्यावर निळा, त्यावर काळा. मग तिनं तीन थेंब तळहातावर घेतले, वर दोन बोटं पाणी शिंपडलं, आणि चोळलं. मोगऱ्याचा वास आला. गार पांढरं तिनं मुलीच्या कपाळाला लावलं, नाकाला, दोन्ही गालांना. डाग झाकले गेले नाहीत. पांढऱ्यातून ते दिसतच राहिले, पाण्याखालच्या वाळूसारखे.

"झाले का पांढरी?" स्वी किमनं डोळे मिटूनच विचारलं. लहानपणी असंच विचारायची.

"हलू नको. डोळ्यांत जाईल."

नंतर बोंग निओची पाळी, मग कोहची. कोहच्या सुरकुत्यांत पिठी शिरेना. "माझ्यावर फुकट घालवू नको," ती म्हणाली, पण तोंड पुढं करून बसली. गेक लियान खाली आली नाही. तिचा वाटा माकनं पानावर काढून ठेवला.

टोपली पायऱ्यांवरून पाण्यात सोडली तेव्हा ती एकदा भिंतीला टेकली, जरा घुटमळली, आणि मग ओढीबरोबर निघाली. हिरवं, निळं, काळं, सगळं एकत्र. उन्हात ती लांब जाईपर्यंत पाचजणी बघत राहिल्या. पाचवी म्हणजे गेक लियान. केव्हा येऊन मागं उभी राहिली, कुणाला कळलं नाही. तिच्या हिरव्या सपाताही टोपलीत होत्या. कुणी बघत नसताना येऊन टाकून गेली होती. ती अनवाणीच होती.

"आता मी जाते," स्वी किम म्हणाली. "पोर कंटाळली असेल." आणि तिनं पायांकडं पाहिलं. तिच्यापाशी तांबडा जोड नव्हता. आजच्या दिवशी या उंबऱ्यातून अनवाणी बाहेर पडायचं नसतं. घरातून पुन्हा मयत निघाल्यासारखं होतं ते.

माक काही बोलायच्या आत बोंग निओनं आपल्या पायांतला नवा तांबडा जोड काढला. गुलाबाची फुलं, मधोमध सोनेरी मणी. चार महिने बसली होती त्यावर. तिनं तो नणंदेच्या पायांपुढं सरकवला.

"देत नाहीये," ती म्हणाली. "उसना. उद्या परत पाहिजे. आणि परत आणशील तेव्हा..." ती इकडंतिकडं बघत हळू आवाजात म्हणाली, "ती उजवी टाच जरा बघायला सांग त्याला. नऊ वर्षं असल्याच टाचांनी माझी कंबर धरतेय."

कोहला ठसका लागला.

माकनं मूठभर थेंब स्वी किमच्या फडक्यात बांधले, आता ते रिकामंच होतं. "पोरीला लाव. रोज संध्याकाळी, अंघोळीनंतर. तीनच थेंब. पाणी कमी घे, नाहीतर ओघळतं." तिनं गाठ घट्ट आवळली. "नाव काय?"

"चूई लान," स्वी किम म्हणाली. "तुझ्या नावातलं चूई घेतलंय."

गेक लियान बाजूला होऊन वाट देत होती. तिनं बहिणीकडं पाहिलं नाही. तिच्या हातात जुन्या सारोंगमध्ये गुंडाळलेलं काहीतरी होतं. तिनं ते बाकावर आदळलं. सारोंग सुटला. आत मणीकामाची लाकडी चौकट होती, तिच्यावर ताणलेलं कापड, आणि त्यावर एक मोर. डोकं, मान, अर्धा पिसारा. सुई अजून कापडात अडकलेली, गंजलेली. स्वी किम गेली त्या दुपारी तिनं ती तशीच सोडली होती.

"नऊ वर्षं माझ्या पलंगाखाली आहे," गेक लियान म्हणाली. "मला अडचण होते. घेऊन जायची नाही. इथं बसून पुरा कर."

स्वी किमनं उरलेल्या ओळी बोटानं मोजल्या. "चाळीसच्या वर आहेत."

"रोज एकच ओळ," माक म्हणाली. "डोळे बिघडतात."

स्वी किम बाहेर निघाली. दालनातली माणसं गप्प झाली असावीत, कारण माकला तिची पावलं अगदी दारापर्यंत ऐकू आली. फट-टक. फट-टक. वाकड्या टाचेवर सावरत, अडखळत. गल्लीतून कुणीतरी लहान, उंच आवाजात काहीतरी विचारलं. मग तेही दूर गेलं.

माक चौकात परत आली. पानावरचा वाटा उचलून तिनं गेक लियानला हाक मारली, तळहातावर तीन थेंब ठेवले, आणि पाण्यासाठी हात पुढं करताना थांबून ऐकत राहिली. उद्या सकाळी तो जोड सरळ टाचेनं वाजत परत यायचा होता.